सह्याद्रीत मुक्कामी भटकंतीसाठी मोठा सुरा कोणता घ्यावा? की कोयताच बरा?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर घाटमाथ्यावर मुक्काम करत फिरायचा बेत आहे. आम्ही दोघेच. तंबू न्यायचा नाही. ताडपत्री, दोरी, पातेलं आणि शिधा एवढ्यावर भागवायचं. ताडपत्रीला खांब, चुलीला सरपण, वाटेतली कारवी बाजूला करणं, भाजी चिरणं, या सगळ्याला पुरेल असा न मिटणारा मोठा सुरा घ्यायचा आहे. पातं २५ सेंमीच्या आसपास, जाडी ५-६ मिमी, मूठ पक्की. पाच हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

कॅनडा-स्वीडनकडचे लोक व्हिडिओत असा एकच सुरा घेऊन रानात शिरतात आणि त्यावर सगळं निभावून नेतात. आपल्याकडे कुणी तसं वापरतं का? पोलाद कुठलं बघावं, स्टेनलेस की साधं? माझं मत असं की संकटात सापडलो तर हातात एकच हत्यार असणार, मग ते मोठंच असलेलं बरं. पटत नसेल तर खुशाल खोडून काढा.

सोनकी
खोडून काढते. :-)
सह्याद्रीत माणसं अडचणीत येतात ती वाट चुकून, घसरून, पाणी संपून किंवा अंधार पडून. यातल्या एकाही प्रसंगात २५ सेंमीचं पातं कामी येत नाही. हेडलॅम्प, शिट्टी, जास्तीचं पाणी, दोरी हे आधी घ्या. शिट्टीची खूणही शिकून घ्या: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर देतो.
मी स्वतः दहा सेंमी पात्याचा छोटा मोरा चाकू (स्वीडनचा, न मिटणारा) आणि घडीची करवत नेते. आजवर त्यात काही कमी पडलेलं नाही.

पोलादी
सोनकी, यादी चांगली आहे, पण धागा सुऱ्याचा आहे. :-)
रानपाखरू, फुल टँग सोडून दुसरं काही घेऊ नका. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत, मुठीच्याच रुंदीचं गेलेलं पाहिजे. बारीक शेपटी आत खोचून वर मूठ चढवलेली असेल, तर मोठ्या पात्याचा सगळा मार त्या एका जोडावर येतो. मुठीत होकायंत्र आणि गळ ठेवलेले पोकळ मुठीचे सुरे तर हातात घेऊन कौतुक करण्यापुरतेच. पाठीवर करवतीचे दात असलेलेही टाळा. त्या दातांनी लाकूड कापलं जात नाही आणि पाठीवर सोटा मारायची सोय जाते.
पोलाद: १०९५ किंवा तत्सम साधं कार्बन पोलाद. गंजतं, पण धार दगडावर चटकन येते.

घाटमाथा
आधी एक सांगा, कुठे जाताय? त्यावर निम्मं उत्तर ठरेल.

लोहाराचा_नातू
आमच्याकडे आजोबांपर्यंत भाता चालू होता, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

पाच हजार बाजूला ठेवा. गावाकडचा चांगला कोयता ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा असतो. पाटा म्हणजे बहुतेक वेळा ईएन ४५ जातीचं पोलाद: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, सिलिकन दीड ते दोन टक्के. रस्त्याचे हादरे खायलाच ते बनवलेलं असतं. घाव चुकून दगडावर बसला तर धार मुडपते, पण पात्याचा तुकडा पडत नाही. मोठ्या हत्याराला हाच गुण लागतो. जुन्या कानशीचा सुरा धार झकास धरतो, पण तोडायला वापरला की टवके उडतात.

पोलादाच्या नावापेक्षाही महत्त्वाचं आहे ते पाणी देणं, म्हणजे तापवून, विझवून पातं कडक करणं. पातं लाल झालं की चुंबक लावून बघायचं. चुंबक चिकटेनासं झालं की वेळ आली. मग अख्खं पातं बुडवायचं नाही. फक्त धारेकडचा बोटभर भाग तेलात किंवा पाण्यात धरायचा, पाठ तशीच लाल ठेवायची. बाहेर काढलं की धारेवर विटेचा तुकडा घासून लख्ख करायची आणि पाठीतली धग धारेकडे उतरताना रंग बघत राहायचं. आधी गवती पिवळा येतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. चाकू असेल तर पिवळ्यावर थांबायचं, कोयता असेल तर तांबूस-जांभळ्यावर, आणि तिथल्या तिथे पाण्यात. पिवळ्यावर थांबवलेला कोयता बाभळीच्या गाठीवर टवका सोडतो, निळ्याच्या पुढे गेलेला दुपारपर्यंत बोथट होतो. आजोबा हे काम भर उन्हात कधी करत नसत, छपराच्या अंधारात करत. उजेडात रंग फसवतो.

अशी धार कडक आणि पाठ चिवट असलेली वस्तू एकाच कडकपणाच्या कारखानी पात्यापेक्षा तोडकामाला सरस, असं माझं ठाम मत आहे.

पोलादी
माहिती उत्तम, पण सरस वगैरे मान्य नाही. तुमचे आजोबा असतील तर प्रश्नच नाही. आज बाजारात मिळणाऱ्या दहा कोयत्यांत पाणी नीट दिलेले किती, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? कारखान्यातल्या भट्टीत निदान दुसरा नग पहिल्यासारखाच निघतो. शिवाय कोयत्याची मूठ शेपटीवरच चढवलेली असते.

लोहाराचा_नातू
ओळखता येतं. नवी कानस धारेवर हलकेच ओढा. नुसती घसरली तर पातं फार कडक, लोण्यासारखी रुतली तर मऊ. किंचित अडखळत चावली पाहिजे. मग तीच कानस पाठीवर ओढा, तिथे ती जास्त चावली पाहिजे. दुकानदार करू देत नसेल तर लोहाराकडे जा, तो स्वतः करून दाखवेल.
मुठीचं म्हणाल तर शेपटी लांब असेल आणि मुठीतून आरपार काढून मागे वळवून ठोकली असेल, तर ती निघत नाही. मूठ फुटली तर अर्ध्या तासात नवी बसते, धामण किंवा बाभळीच्या लाकडाची. रिव्हेट मारलेली प्लास्टिकची मूठ फुटली तर रानात काय करणार?

आंबोलीवालो
आमच्याकडे कोयतो हातात धरून कोण फिरणा नाय. कमरेक मागल्या बाजूक लाकडाची आकडी बांदतत, तेच्यात कोयतो अडकवतत. दोनय हात मोकळे. झाडार चढा, भारो उचला, कोयतो जाग्यार.

बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत. आकडीत पातं उघडंच असतं, त्यामुळे बसताना आणि निसरड्या उतारावर जपावं लागतं. कड्यावरून उतरायची जागा आली की माझे काका कोयता आकडीतून काढून आधी खाली देतात, मग स्वतः उतरतात. पाठीवरच्या सॅकबरोबर आकडी जमत नाही, कमरेचा पट्टा आडवा येतो. सॅकवाल्यांनी जाड चामड्याचं किंवा कॅनव्हासचं म्यानच करून घ्यावं.

आणि पावसाळ्यात व त्यानंतर महिनाभर आमच्याकडे कारवीत, बांबूत हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असतो. पानासारखाच दिसतो आणि हलतही नाही. फांदी डाव्या हाताने धरून उजव्या हाताने तोडायची सवय असेल तर डावा हात बरोबर त्याच्या तोंडापाशी जातो. आधी काठीने फांदी हलवा, नीट बघा, मग हात घाला.

बोरूबहाद्दर
चापड्याचं वाचून मी घरबसल्या भटकंती करायचं ठरवलं आहे. वाचनखूण साठवली.

कूर्गचा_जावई
आंबोलीवालो, आकडीवरून आठवलं. कोडगूत सासरी ओडीकत्ती नावाचं रुंद, वाकडं पातं असतं. ते कमरेमागे पितळी आकड्यात अडकवतात, त्या आकड्याला तोडंग म्हणतात. आता ते समारंभाच्या पोशाखातच दिसतं, कमरेला पुढे लहान पीचेकत्ती आणि मागे हे. पण मूळ सोय तुमच्या आकडीचीच. घाटाच्या दोन टोकांना एकच युक्ती सुचलेली आहे.
बिबट्या आला तर यातलं काय काढायचं, हा प्रश्न अजून कुणी कसा विचारला नाही?

घाटमाथा
काहीच काढायचं नाही. उभं राहायचं, पाठ फिरवून पळायचं नाही, मोठ्याने बोलायचं, टॉर्च मारायचा आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. सुरा चालवण्याएवढा बिबट्या जवळ आला असेल तर सुऱ्याचा उपयोग संपलेला असतो.

ओस्लोतली_मेघना
व्हिडिओतल्या सुऱ्यांबद्दल थोडं, कारण मी त्याच मुलखात राहते. इथे ओंडके फोडण्यामागे साधं कारण आहे. वर्षाचा मोठा भाग बाहेरचं लाकूड ओलं किंवा बर्फात असतं, कोरडं लाकूड ओंडक्याच्या पोटात असतं. म्हणून सुरा ओंडक्यावर ठेवून पाठीवर सोटा मारत चिरतात. आतल्या कोरड्या फळीचे पातळ, कुरळे पापुद्रे काढतात, तेही फळीपासून सुटे न करता. आगकाडी लागली की पेटतातच. हे करायला पातं ओंडक्याच्या जाडीपेक्षा चार-पाच सेंमी लांब असलं की पुरतं. मनगटाएवढ्या लाकडाला २५ सेंमी कशाला?

दुसरं, इथे बालवाडीतली मुलंही चाकूने काठी तासतात. त्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे खाली बसायचं, धार शरीरापासून दूर न्यायची आणि उठायचं झालं तर आधी चाकू म्यानात. आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानालगत परवानगीशिवाय आग पेटवायला बंदी असते, हे व्हिडिओत सहसा कुणी सांगत नाही.

काळा_कोट
मेघना यांच्या शेवटच्या वाक्याला धरून आपल्याकडचं लिहितो.

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे शेतकऱ्याचा कोयता अवजार. पण तोच कोयता घेऊन तुम्ही रात्री शहराच्या बसस्थानकावर उभे असाल तर खुलासा तुम्हालाच करावा लागेल. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश अनेकदा लागू असतात आणि पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर पोलीस या बाबतीत कडक आहेत. २५ सेंमी म्हणजे जवळजवळ १० इंच, हेही लक्षात घ्या.

याहून महत्त्वाचं: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू स्पष्ट शब्दांत आलेला आहे. कलम २९ खाली तिथली झाडंझुडपं तोडता येत नाहीत, अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला कलम ३० आडवं येतं. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. राखीव वनात झाड तोडणं भारतीय वन कायदा, १९२७ खाली गुन्हा आहे. भीमाशंकर, कोयना, राधानगरी, फणसाड, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं आहेत. म्हणून घाटमाथा यांचा प्रश्न पुन्हा विचारतो, जाताय कुठे?

रानपाखरू
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर अपेक्षित नव्हतं. कुमशेतहून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड असं डोक्यात होतं. म्हणजे अभयारण्यच.

सोनकी
तिथे चुलीची गरजच काय? पाचनईत घरगुती जेवण मिळतं. ताडपत्रीसाठी चालायच्या दोन काठ्या खांब म्हणून पुरतात. एकही फांदी तोडावी लागत नाही.

घाटमाथा
सोनकीशी सहमत. त्या बाजूला नुसती भटकंती करा. आणि मोठं पातं वापरायला शिकायचंच असेल तर ओळखीच्या माणसाच्या खासगी रानात, बांधावर, त्याला विचारून शिका. मनात शिकायची हौस आहे ही गोष्ट मला आवडली. ती मारू नका, फक्त जागा बदला. मी जे शिकलो ते आमच्या वाडीतल्या एका कातकरी मामांकडून, त्यातलं जमेल तेवढं लिहितो.

कोयता उचलण्याआधी हात पसरून एक गिरकी घ्यायची. त्या टप्प्यात माणूस नको, वेल नको, डोक्यावर लोंबणारी फांदीही नको. वेलीत अडकलेला कोयता कुठे वळेल सांगता येत नाही. घाव कधी सरळ आडवा घालायचा नाही, तिरका घालायचा. फांदी थोडी वाकवून धरली की ताणलेल्या बाजूला एका घावात तुटते. धरणारा हात घावाच्या जागेपासून निदान दीड हात लांब. पाय असे ठेवायचे की घाव चुकला तर कोयता मातीत जाईल, नडगीवर येणार नाही. जमिनीलगतचं काही तोडायचं असेल तर मामा एक गुडघा टेकूनच तोडायचे. जोर खांद्याचा लावायचा नाही. पात्याच्या वजनाला काम करू द्यायचं, मनगटाने फक्त वाट दाखवायची.

बांबूबद्दल खास. तिरका तोडलेला बांबू मागे भाल्यासारखा खुंट ठेवतो. त्यावर माणूस किंवा जनावर पडलं तर काय होतं ते विचारू नका. बांबू करवतीने सपाट कापायचा, पेराच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही.

आणि काय तोडतो आहोत ते ओळखता आलं पाहिजे. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना. दिवाळीनंतर खाजकुइलीच्या शेंगा वाळायला लागतात. त्या वेलीवर कोयता मारला की कुसं अंगावर झडतात. मामा झाडाकडे बघूनच सांगत, "ह्याला हात लावायचा नाय." ते ज्ञान पात्याबरोबर विकत मिळत नाही.

पोलादी
उत्तम प्रतिसाद. मनगटात दोरी अडकवावी की नाही?

घाटमाथा
मामा अडकवत नसत. हातातून सुटलेला कोयता लांब पडलेला बरा. दोरीला लटकून तो परत मांडीवर येतो. मूठ घामाने निसटत असेल तर काम थांबवून हात पुसायचे.

गावातली_डॉक्टर
घाटमाथा यांनी नडगीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या जखमा ठरावीक जागी असतात: डाव्या हाताचा अंगठा, त्याशेजारचं बोट आणि नडगी. कमी येते पण सगळ्यात घातक असते ती मांडीच्या आतल्या बाजूची. बसून, मांड्यांच्या मध्ये काठी धरून तासताना चाकू निसटला की तिथे जातो, आणि तिथून मोठी रोहिणी (रक्तवाहिनी) जाते. काठी नेहमी गुडघ्यांच्या पुढे किंवा बाजूला धरून तासा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, घट्ट आणि सलग. दर मिनिटाला उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. हळद, राख, चहापूड, तंबाखू यांतलं काहीही भरू नका, आम्हाला शिवण्याआधी ते सगळं धुवत बसावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घेतलेलं असेल तर उत्तम. आणि सुरा कितीही मोठा असो, प्रथमोपचाराच्या पिशवीत रुंद बँडेज हवंच.

आंबोलीवालो
डॉक्टर, चहापूड घातलेले हात आमच्या गावात अजून दिसतात. हा प्रतिसाद छापून दुकानात लावतो.

बोरूबहाद्दर
गंमत बाजूला ठेवून एक खराच प्रश्न. माळ्यावर वडिलांचा जुना कोयता आहे, पूर्ण गंजलेला. वाया गेला का?

लोहाराचा_नातू
अजिबात नाही. वरवरचा गंज रॉकेल आणि तारेच्या घासणीने जातो. आत खड्डे पडले असतील तरी तोडकामाला फरक पडत नाही, धारेपाशी स्वच्छ पोलाद लागलं की झालं. धार फारच झिजली असेल तर लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून ठोकून नवी धार काढून घ्या. एक मात्र कटाक्षाने पाळा: ग्राइंडरवर धार लावू नका. ठिणग्या उडून पातं निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं, पुन्हा भट्टीशिवाय येत नाही. कानशीने आकार द्या आणि निसण्यावर पाणी टाकून धार काढा. दाढी होईल एवढी बारीक धार कोयत्याला नको, ती पहिल्याच गाठीला मुडपते. काम झालं की पुसून खोबरेल चोळा. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

रानपाखरू
हरिश्चंद्रगडला सुरा नाही, चूल नाही, सोनकींच्या यादीप्रमाणे जाणार. मोठ्या पात्याचं शिकायला भोरकडे मित्राच्या मळ्याला लागून त्यांचं स्वतःचं रान आहे, तिथे त्याच्या वडिलांबरोबर. छोटा चाकू आणि घडीची करवत घेतो, आणि कोयता लोहाराकडून करून घेतो. तिन्ही मिळून पाच हजारांत सहज बसतंय. वजन किती सांगू? आणि मूठ हाताला बरोबर आहे हे कसं बघायचं?

लोहाराचा_नातू
पाऊण किलोच्या आत ठेवा, नवख्या मनगटाला त्याहून जास्त झेपत नाही. मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. तळव्यात रुतली तर मूठ बारीक, टेकलीच नाहीत तर जाड. मागच्या टोकाला मूठ थोडी फुगीर आणि खाली वळलेली हवी, म्हणजे घाव घालताना हात मागे सरकत नाही. नंतर पात्याची पाठ लाकडावर दोन-तीनदा आपटा आणि हाताकडे लक्ष द्या. जोडात खुळखुळ जाणवली तर घेऊ नका. मूठ पाण्यात भिजवून घट्ट करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, लाकूड वाळलं की ती पुन्हा हलते.

पोलादी
आणि लोहाराला पत्ता विचारून ठेवा, मलाही एक करून घ्यायचा आहे.